काचेचा एक्सआरडी: फुगवट्यातून अणूंमधली अंतरं कशी काढायची

"मॅडम, हम्प आलाय. म्हणजे अमॉर्फस, ना?"

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे दिवस आले की साताऱ्यात माझ्या टेबलापाशी हे वाक्य ठरलेलं. एक्सआरडी म्हणजे क्ष-किरण विवर्तन: नमुन्यावर क्ष-किरण टाकून ते कुठल्या कोनात किती विखुरतात ते मोजायचं. हम्प म्हणजे त्या ग्राफमधला रुंद फुगवटा, अमॉर्फस म्हणजे स्फटिक नसलेलं. पुढचं पान उलटावं तर त्या हम्पला ब्रॅगचं समीकरण (कोनावरून अंतर काढणारं) लावून 'अणूंमधलं अंतर ४.१ आँगस्ट्रॉम' काढलेलं असतं आणि त्याखाली शेररचं सूत्र (पीकच्या रुंदीवरून स्फटिककणांचा आकार काढणारं) वापरून 'क्रिस्टलाइट साइज १.२ नॅनोमीटर'. काचेत क्रिस्टलाइट नाहीतच, मग साइज कुणाचा मोजलास, असं विचारलं की पोरगं गप्प. दोष त्याच्या एकट्याचा नाही. स्फटिकाची कृती जशीच्या तशी काचेला लावली की हेच होतं.

काचेतल्या अणूंमधली खरी अंतरं एक्सआरडीतून निघतात. पण त्यासाठी क्ष-किरणांची ट्यूब वेगळी लागते, होल्डर वेगळा लागतो, वेळ भरपूर लागतो आणि वजाबाकी त्याहून जास्त. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. आधीच्या टप्प्यातली चूक नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही.

## सुरू करण्याआधी: थप्पी आणि ढीग

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची थप्पी बघा. पहिलं पोतं कुठे आहे ते कळलं की दहावं कुठे असणार हे न बघता सांगता येतं. आता तीच पोती मोकळी करून हळकुंडांचा ढीग लावा. एका हळकुंडाला टेकलेलं दुसरं साधारण किती अंतरावर, हे अजूनही सांगता येईल. दहावं कुठे, ते नाही.

थप्पी म्हणजे स्फटिक, ढीग म्हणजे काच. थप्पी सुईसारखे पीक देते, ढीग रुंद फुगवटे देतो. म्हणून काचेला दोनच प्रश्न विचारायचे: शेजारी किती अंतरावर, आणि किती शेजारी. क्रिस्टलाइट साइज, लॅटिस पॅरामीटर, मिलर इंडायसेस हे शब्द इथे बाजूला ठेवा.

## टप्पा १: प्रश्न ठरवा, मग ट्यूब निवडा

प्रश्न दोन प्रकारचे असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिला: 'माझा नमुना काच झालाय का, की कुठे स्फटिक उरलेत?' याला नेहमीची कॉपर ट्यूब, १० ते ८० अंश टू-थीटा (किरण मूळ दिशेपासून किती वळले तो कोन) आणि तासाभराचा स्कॅन पुरतो.

दुसरा: 'अणू कसे मांडलेत?' इथे कॉपर ट्यूब अपुरी पडते. कारण अंशांत दिसत नाही, क्यूमध्ये दिसतं. क्यू म्हणजे ४ पाय (π) गुणिले साइन थीटा, भागिले तरंगलांबी. क्यू जितका लांबवर मोजाल तितकी अंतरं सुटी दिसतात. दोन अंतरांतला किती फरक वेगळा दिसेल, याचा ढोबळ अंदाज म्हणजे पाय भागिले सर्वांत मोठा क्यू. १४० अंशांपर्यंत मोजलं तर हिशोब असा बसतो:

- कॉपर, तरंगलांबी १.५४ आँगस्ट्रॉम: क्यू सुमारे ७.७ पर्यंत, फरक दिसेल ०.४ आँगस्ट्रॉमचा
- मॉलिब्डेनम, ०.७१ आँगस्ट्रॉम: क्यू सुमारे १६.६ पर्यंत, फरक ०.१९
- सिल्व्हर, ०.५६ आँगस्ट्रॉम: क्यू सुमारे २१ पर्यंत, फरक ०.१५

सिलिकॉन–ऑक्सिजन अंतर १.६२ आँगस्ट्रॉम. ते ०.४ च्या जाड पेनाने रेखाटायचं की ०.१९ च्या, हे तुम्हीच ठरवा. आमच्यासारख्या ठिकाणी मॉली ट्यूब सहसा नसते, नमुना बाहेरगावी पाठवावा लागतो. तरीही प्राथमिक तपासणी इथल्या कॉपर ट्यूबवर उरकून घ्या. ज्या नमुन्यात स्फटिक आहेत तो बाहेर पाठवून पैसे घालवू नका.

सावधान: नमुन्यात लोह किंवा कोबाल्ट असेल (हिरवी बाटली, निळी काच) तर कॉपरच्या किरणांनी ते स्वतःच चमकायला लागतात आणि सगळा बॅकग्राउंड वर उचलला जातो. मॉलीला लोहाचा एवढा त्रास नाही, पण नमुन्यात स्ट्रॉन्शियम किंवा इट्रियम असेल तर तिथेही हेच होतं. काचेत काय आहे ते लॅबला आधीच कळवा. डिटेक्टरची एनर्जी-खिडकी आवळून बराचसा त्रास कमी करता येतो.

## टप्पा २: घनता आधी, खल नंतर

या टप्प्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्मी कामं इथेच बिघडतात.

शेवटच्या हिशोबात काचेची घनता लागते. ती अखंड तुकड्यावर, आर्किमिडीजच्या पद्धतीने मोजायची. बुडबुडे नसलेला स्वच्छ तुकडा घ्या. साध्या खिडकीच्या काचेला पाणी चालतं. बोरेट आणि फॉस्फेट काचा पाण्यात विरघळतात, त्यांना टोल्युइन किंवा झायलीन वापरा. पोरं काय करतात, सगळी काच आधी कुटून टाकतात आणि दोन महिन्यांनी सॉफ्टवेअरने घनता विचारली की पुस्तकातला आकडा भरतात.

दुसरी गोष्ट रासायनिक प्रमाणाची. बॅचमध्ये जे तोललं तेच काचेत उतरलं असं धरू नका. वितळताना सोडियम आणि बोरॉन थोडेफार उडून जातात, क्रुसिबलमधून थोडं ॲल्युमिनियम आत येतं. कराडची एक विद्यार्थिनी घरातल्या जुन्या कंदिलाच्या काचेचा तुकडा घेऊन आली होती. कंदील ओगलेवाडीचा, 'प्रभाकर'. विषय झकास होता, पण त्या काचेत काय काय आहे हेच ठाऊक नव्हतं. एक्सआरएफ (कुठली मूलद्रव्यं किती, हे क्ष-किरणांनी सांगणारी चाचणी) करून घेतलं. तरी प्रश्न उरलाच, कारण एक्सआरएफला बोरॉन आणि लिथियम दिसत नाहीत, आणि उष्णता सोसणाऱ्या काचेत बोरॉन असण्याची शक्यता बरीच. बोरॉनची वेगळी रासायनिक चाचणी होईपर्यंत तिचं काम तिथेच थांबलं. नशीब, तुकडा अजून कुटला नव्हता.

आता भुकटी:

1. काच जाड प्लास्टिकच्या दोन-तीन पिशव्यांत गुंडाळून फोडा. डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर मास्क. हातोडीचं लोखंड लागलं असेल म्हणून तुकड्यांवरून चुंबक फिरवा.
2. अगेटच्या खलात थोडी थोडी घेऊन बारीक करा. घासू नका, दाबा. अगेट हे स्वतः क्वार्ट्झ आहे; जोर लावून तासभर घासलंत तर २६.६ अंशांवर क्वार्ट्झचा पीक तुमच्या काचेत 'सापडेल'.
3. ३२५ मेशच्या चाळणीतून गाळा, म्हणजे ४५ मायक्रॉनच्या खाली. त्याहून बारीक करण्याची हौस नको. भुकटी जितकी बारीक, तितका जास्त पृष्ठभाग ओलावा धरायला मोकळा.
4. लगेच कोरड्या बाटलीत, बाटली डेसिकेटरमध्ये. सिलिका जेल निळी आहे ना, बघा. गुलाबी झाली असेल तर ओव्हनमध्ये वाळवून मगच वापरा.

सावधान, विशेषतः जून ते सप्टेंबर: साताऱ्याच्या पावसात बोरेट काचेची भुकटी टेबलावर उघडी ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत तिच्यावर बोरिक ॲसिड धरायला सुरुवात झालेली असते. कॉपरवर २८ अंशांच्या जवळ बारीक धारदार पीक दिसतो आणि लोक 'काचेत क्रिस्टलायझेशन झालं' असं लिहून मोकळे होतात. अशा काचा मापनाच्या दिवशीच कुटा. कुरियरने पाठवायच्या असतील तर अखंड तुकडे पाठवा आणि तिथे कुटायला सांगा.

## टप्पा ३: तुलनेसाठी सिलिका काच तयार ठेवा

अनोळखी काचेआधी ओळखीची काच मोजायची. शुद्ध सिलिका काच यासाठी उत्तम आणि ती फुकट मिळते: केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये फुटलेली 'क्वार्ट्झ ट्यूब' असतेच. नावात क्वार्ट्झ असलं तरी ती काच आहे. फक्त भट्टीत वापरलेली ट्यूब असेल तर पांढरट, चुन्यासारखे झालेले भाग टाळा. तिथे काचेचं क्रिस्टोबलाइट (सिलिकाचा एक स्फटिक) झालेलं असतं. पारदर्शक तुकडाच घ्या.

तुमच्या पद्धतीने सिलिकाचे आकडे बरोबर आले नाहीत, तर नव्या काचेचे बरोबर येतील यावर मी विश्वास ठेवणार नाही. परीक्षकही ठेवणार नाही.

## टप्पा ४: होल्डर

सुरुवातीच्या काळातली माझीच चूक सांगते. नमुना थोडाच होता म्हणून नेहमीच्या काचेच्या स्लाइडवर पातळ थर पसरला आणि स्कॅन लावला. सुरेख फुगवटा आला. दुसरा नमुना, तसाच फुगवटा. तिसरा, तोच. तीन वेगवेगळ्या काचा आणि तीन एकसारखे ग्राफ. चौथ्यांदा नुसती स्लाइड ठेवून बघितली. तोच फुगवटा! तीन दिवस मी स्लाइडचा अभ्यास करत होते.

काचेचा नमुना काचेच्या होल्डरवर ठेवू नका. पर्याय असे:

कॉपर, परावर्तन पद्धत: तिरप्या कापलेल्या सिलिकॉन स्फटिकाचा झीरो-बॅकग्राउंड होल्डर, किंवा किमान १ मिमी खोल खोबणीचा धातूचा होल्डर. भुकटीचा पृष्ठभाग होल्डरच्या कडेशी सपाट. दाबून चकचकीत करायची गरज नाही.

मॉली: इथे लोक हमखास फसतात. मॉलीचे किरण सिलिकाच्या सैल भुकटीत दोन-अडीच मिलिमीटर आत सहज शिरतात. एक मिलिमीटरच्या खोबणीत ते आरपार जाऊन होल्डरच्या तळाला भिडतात आणि मोठ्या कोनांवर तीव्रता खोटी कमी दिसते. म्हणून मॉलीला कॅपिलरी आणि ट्रान्समिशन पद्धत वापरा. कॅपिलरी पॉलिइमाइडची, म्हणजे कॅप्टॉनची घ्या. बोरोसिलिकेट किंवा क्वार्ट्झची कॅपिलरी ही पुन्हा काचच.

कॅपिलरी किती जाड? शोषणाचा गुणांक गुणिले त्रिज्या हा आकडा एकच्या आत ठेवायचा. १ मिमी व्यासाच्या कॅपिलरीत अर्धी भरलेली सिलिका भुकटी धरली, तर हा आकडा मॉलीला सुमारे ०.२ येतो आणि कॉपरला सुमारे २. म्हणजे तीच कॅपिलरी मॉलीला मोकळी, कॉपरला अंधारी. शिशाच्या किंवा टेल्युराइटच्या काचेला मॉलीवरही ०.३ मिमीपर्यंत खाली यावं लागेल.

तपासा: कॅपिलरी भरल्यावर उजेडासमोर धरा. मधे पोकळ्या दिसल्या तर टेबलावर हलकेच आपटून भुकटी बसवा. भरलेली लांबी आणि भरण्याआधीचं व भरल्यानंतरचं वजन वहीत लिहा. भुकटी किती दाट बसलीय ते यावरूनच काढावं लागतं आणि नंतर हे मोजायला कॅपिलरी जागेवर नसते.

## टप्पा ५: मापन, आणि त्याचा क्रम

एका काचेसाठी किमान चार स्कॅन. क्रम असा:

1. प्रमाणित सिलिकॉन पावडर, शून्य बरोबर आहे का बघायला. पहिला पीक कॉपरवर २८.४४ अंश, मॉलीवर १३.० च्या जवळ.
2. रिकामी कॅपिलरी किंवा रिकामा होल्डर.
3. सिलिका काच.
4. तुमची काच.

दोन, तीन आणि चार यांची सेटिंग तंतोतंत एकच हवी: तेवढेच किलोव्होल्ट आणि मिलिअँपिअर, त्याच स्लिट, तोच कोन, तोच वेळ. रिकाम्या कॅपिलरीचा स्कॅन दहा मिनिटांत उरकून नमुन्याला दहा तास देणारे बरेच भेटतात. वजाबाकी करताना त्या दहा मिनिटांचा सगळा गोंगाट तुमच्या दहा तासांच्या डेटात जाऊन बसतो.

स्टेप आणि वेळ. फुगवटे रुंद आहेत, त्यामुळे ०.०२ अंशांची बारीक स्टेप नको. ०.१ चालेल. वाचलेला वेळ प्रत्येक बिंदूवर खर्च करा. मोजलेल्या काउंटचं वर्गमूळ म्हणजे त्यातली अनिश्चितता: १०,००० काउंटला १ टक्का, १,००,००० ला ०.३ टक्का. मोठ्या कोनांवरचे चढ-उतार हेच मुळात टक्क्याच्या आसपासचे असतात, म्हणून तिथे जास्त वेळ थांबायचं. लॅबच्या मशीनवर मॉलीने एक चांगला स्कॅन म्हणजे रात्रभराचं काम.

एकच लांब स्कॅन लावू नका. अठरा तासांऐवजी तीन तासांचे सहा लावा. बिनबोभाट वीज मिळेल अशा भ्रमात आपल्याकडे कुणी राहू नये. लाइट गेली तर एक जातो, पाच उरतात. दुसरा फायदा मोठा: सहाही एकमेकांवर टाकून बघता येतात. सहावा पहिल्यापेक्षा सरकलेला दिसला तर ट्यूब, चिलर किंवा नमुना यांपैकी काहीतरी बदललंय. मगच बेरीज करा.

स्लिट. परावर्तन पद्धतीत लहान कोनावर किरणांचा पट्टा नमुन्याबाहेर सांडतो. गोनिओमीटरची (कोन मोजणाऱ्या चौकटीची) त्रिज्या २०० मिमी आणि स्लिट अर्धा अंश असेल, तर १० अंश टू-थीटाला पट्टा २० मिमी लांब होतो. तुमचा होल्डर २० मिमीचा असेल तर त्याखालचा सगळा डेटा खोटा. आणि मॉलीवर सिलिकाचा पहिला फुगवटा नेमका ९.९ अंशांवर असतो! पाव अंशाची स्लिट लावा. ऑटोमॅटिक स्लिट बंद ठेवा.

सावधान, बाहेरच्या लॅबला नमुना पाठवताना: फॉर्मवर ठळक लिहा: 'मूळ डेटा हवा. स्मूदिंग नको, बॅकग्राउंड काढू नका, के-अल्फा-टू काढू नका. टेक्स्ट फाइल द्या.' (के-अल्फा-टू म्हणजे ट्यूबमधून मुख्य किरणांसोबत येणारी जोडीची तरंगलांबी.) एका ठिकाणाहून माझ्या विद्यार्थ्याला सपाट रेघ आली. सॉफ्टवेअर स्फटिकांच्या सवयीचं. रुंद दिसलं ते सगळं त्याने बॅकग्राउंड समजून काढून टाकलं, आणि काचेत रुंद सोडून दुसरं असतं काय? काच गेली, गोंगाट उरला. मूळ फाइल मागवेपर्यंत ती पुसली गेली होती. नुसता ग्राफचा फोटो मिळाला तर तो पोस्टरवर लावा, हिशोबाला घेऊ नका.

## टप्पा ६: आधी डोळ्यांनी बघा

डेटा आला की थेट सॉफ्टवेअरमध्ये ढकलू नका. ग्राफ मोठा करून धारदार काही दिसतंय का शोधा. कॉपरवर मोजलं असेल तर या जागा खास बघा: २२.० अंश (क्रिस्टोबलाइट), २६.६ (क्वार्ट्झ), २८.० (बोरिक ॲसिड).

यातला पहिला लबाड आहे. सिलिका काचेचा फुगवटा २१.५ अंशांच्या आसपास असतो आणि क्रिस्टोबलाइटचा मुख्य पीक बरोबर त्याच्या डोक्यावर बसतो. फुगवट्याचा माथा जरा टोकदार वाटला तर तेवढाच भाग, १८ ते २६ अंश, बारीक स्टेपने पुन्हा मोजा.

एक-दोन टक्क्यांखालचे स्फटिक या पद्धतीतून निसटू शकतात. म्हणून 'स्फटिक नाहीत' असं लिहू नका, 'एक्सआरडीत दिसले नाहीत' असं लिहा.

आता अंशांचं क्यूमध्ये रूपांतर करा. दोन चुका कायमच्या: टू-थीटा अर्धा करायला विसरणं, आणि एक्सेलचं साइन रेडियन मागतं हे विसरणं. पडताळा सोपा आहे. सिलिकाचा पहिला फुगवटा कॉपरवर २१.५ अंश, मॉलीवर ९.९ अंश, क्यूमध्ये दोन्ही १.५ च्या थोडं वर, एकाच जागी यायला हवेत.

आणि हो, या फुगवट्याला ब्रॅगचं समीकरण लावून निघणारे ४.१ आँगस्ट्रॉम म्हणजे कुठल्याही दोन शेजारी अणूंमधलं अंतर नाही. जाळीतल्या मध्यम पल्ल्याच्या मांडणीची ती खूण आहे. सिलिकॉन–ऑक्सिजन अंतर याच्या निम्म्याहूनही कमी आहे, यावरूनच ओळखावं.

## टप्पा ७: वजाबाकी आणि दुरुस्त्या

मोजलेल्या आकड्यात तुमची काच आहे, कॅपिलरी आहे, हवा आहे आणि कॉम्प्टन विखुरणही (ऊर्जा गमावून येणारे, मांडणीबद्दल काही न सांगणारे किरण) आहे. मोठ्या क्यूवर सिलिकासारख्या हलक्या काचेत कॉम्प्टनचा वाटा कामाच्या विखुरणापेक्षाही जास्त होतो. क्रम असा ठेवा:

1. वेगवेगळा वेळ दिला असेल तर सगळं 'काउंट प्रति सेकंद'वर आणा.
2. रिकाम्या कॅपिलरीचा स्कॅन वजा करा. तो जसाच्या तसा वजा करायचा नसतो: नमुना आत असताना कॅपिलरीकडून येणारे किरण थोडे शोषले जातात, म्हणून गुणक एकपेक्षा जरा कमी लागतो.
3. शोषण आणि ध्रुवीकरणाची दुरुस्ती. मोनोक्रोमेटर असेल तर ध्रुवीकरणाचं सूत्र बदलतं. तो आहे की नाही ते ऑपरेटरला विचारा.
4. कॉम्प्टन वजा करा.
5. उरलेलं 'प्रति अणू' या मापावर आणा. यासाठी क्रोग-मो आणि नॉर्मन यांची पद्धत वापरतात. तिला टप्पा २ मधली घनता आणि प्रमाण लागतं.
6. अणूंच्या फॉर्म फॅक्टरने (एकटा अणू क्ष-किरण किती विखुरतो त्याने) भागा. मिळालं ते स्ट्रक्चर फॅक्टर, म्हणजे निव्वळ मांडणीचा वाटा.

हे सगळं हाताने करायची गरज नाही. गुड्रनएक्स हे सॉफ्टवेअर या सर्व दुरुस्त्या पायरीपायरीने करतं, पण कॅपिलरीचा व्यास, भुकटीची दाटी, ट्यूबची माहिती सगळं मागतं. पीडीएफगेटएक्स३ ला जेमतेम प्रमाण आणि बॅकग्राउंड फाइल पुरते. उरलेल्या दुरुस्त्या ते एका बहुपदीने एकदम पुसून काढतं. झटपट बघायला ते छान. अंतरं त्यातून नीट मिळतात. शेजाऱ्यांची संख्या मात्र त्यावरून छापू नका, कारण उंचीचं माप त्यात काटेकोर बांधलेलं नसतं.

(जाता जाता: पीडीएफ म्हणजे इथे पेअर डिस्ट्रिब्यूशन फंक्शन. लॅबमधल्या स्फटिक ओळखण्याच्या जुन्या पीडीएफ कार्डांशी किंवा मोबाइलवर उघडणाऱ्या फाइलशी त्याचा संबंध नाही. हा गोंधळ व्हायव्हात ऐकलेला आहे.)

तपासा: स्ट्रक्चर फॅक्टर मोठ्या क्यूला एकच्या भोवती डोलत शांत झाला पाहिजे. शेपूट वर चढत असेल तर कॉम्प्टन किंवा फ्लुओरेसन्स (टप्पा १ मधलं चमकणं) शिल्लक आहे. खाली झुकत असेल तर बॅकग्राउंड जास्त वजा झालाय. पुढे जाऊ नका, मागे जा.

## टप्पा ८: फूरिए रूपांतर

फूरिए रूपांतर क्यूच्या ग्राफवरून अंतरांचा ग्राफ काढतं. इथे एकच निर्णय खरा अवघड: क्यू कुठे तोडायचा. मशीनने १७ पर्यंत डेटा दिला म्हणून १७ पर्यंत वापरायलाच हवा असं नाही. १४ नंतर नुसता गोंगाट असेल तर १४ ला थांबा, शक्यतो वक्र एकला छेदतो अशा जागी.

तोडल्यामुळे अंतरांच्या ग्राफमध्ये खोट्या लाटा येतात. खऱ्या पीकच्या दोन्ही बाजूंना त्या छोट्या पिलांसारख्या बसतात. ओळखायची युक्ती: क्यू १४, १५, १६ असा बदलत तीन ग्राफ काढा आणि एकमेकांवर टाका. जो पीक जागचा हलत नाही तो खरा. जो सरकतो ती लाट. लॉर्च फंक्शन (शेवटाकडे डेटा हळूहळू मंद करणारं) वापरलं तर लाटा दबतात, पण पीकही रुंद होतात. मी दोन्ही काढते आणि दोन्ही दाखवते.

तपासा: १.२ आँगस्ट्रॉमच्या आत कुठलेही दोन अणू नाहीत (आपण ऑक्साइड काचेबद्दल बोलतोय), तेव्हा तिथे ग्राफ उणे दिशेने जाणारी सरळ रेघ असली पाहिजे. तिचा उतार संख्या-घनतेवरून ठरतो. सिलिकाची घनता २.२० ग्रॅम प्रति घनसेंमी, म्हणजे एका घन आँगस्ट्रॉममध्ये ०.०६६ अणू, उणे ४ पायने गुणलं की उतार −०.८३. तुमची रेघ तिथे डोंगरदऱ्या दाखवत असेल तर टप्पा ७ पुन्हा. रेघ चांगली दिसावी म्हणून तेवढाच भाग खोडून सरळ करणारेही पाहिलेत. त्याने पुढचे पीक सुधारत नाहीत.

## टप्पा ९: ग्राफ वाचा

आधी सिलिका. पहिला पीक १.६२ आँगस्ट्रॉम, सिलिकॉन–ऑक्सिजन. दुसरा २.६५ जवळ, ऑक्सिजन–ऑक्सिजन. तिसरा ३.१ जवळ, सिलिकॉन–सिलिकॉन. पहिल्या दोघांचा भागाकार करा: २.६५ भागिले १.६२ म्हणजे १.६३६. नियमित चतुष्फलकात हे गुणोत्तर १.६३३ असतं. एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, चार कोपऱ्यांवर, हे चित्र तुमच्या स्वतःच्या आकड्यांतून उभं राहिलं. तिसऱ्या अंतरातून दोन चतुष्फलकांमधला कोन निघतो: ३.१ चं अर्धं भागिले १.६२, त्याचा साइन-व्यस्त, गुणिले दोन. १४५ अंशांच्या आसपास यायला हवा. पहिल्या पीकखालचं क्षेत्रफळ, फॉर्म फॅक्टरचं वजन धरून, चारच्या जवळ यावं. ३.७ ते ४.२ आलं तर लॅबच्या मशीनसाठी मी खूश असते.

आता तुमची काच. खिडकीच्या काचेत सोडियम–ऑक्सिजन आणि कॅल्शियम–ऑक्सिजन ही अंतरं २.३ ते २.५ मध्ये येतात आणि २.६५ च्या पीकच्या डाव्या खांद्यावर मिसळून जातात. मॉलीवर ती सुटी होत नाहीत. 'खांदा दिसतो' एवढंच लिहा. दोन गाउसियन बसवून तीन दशांश छापू नका. बोरेट काचेत तीन ऑक्सिजन असलेल्या बोरॉनचं अंतर १.३७ आणि चारवाल्याचं १.४७, फरक ०.१०. टप्पा १ मधला तक्ता बघा: हे वेगळं दिसणारच नाही. शिवाय बोरॉनमध्ये इलेक्ट्रॉन पाच, त्यामुळे क्ष-किरणांना तो मुळात अंधुक. अशा काचेला एनएमआर (अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुनाद) लागतो, किंवा न्यूट्रॉन विवर्तन. न्यूट्रॉनसाठी ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी आहे. जास्त क्यू हवा असेल तर सिंक्रोट्रॉनसाठी (फार प्रखर क्ष-किरणांचा स्रोत) इंदूरचं इंडस-२. दोन्हीकडे प्रस्ताव लिहून वेळ मागावा लागतो, आणि प्रस्तावासोबत लॅबमध्ये नीट केलेला एक ग्राफ जोडलेला असला तर बोलणं सोपं जातं.

## टप्पा १०: थीसिसमध्ये काय लिहायचं

ट्यूब, वापरलेला क्यूचा पल्ला, कॅपिलरीचं द्रव्य आणि व्यास, एकूण मोजणीचा वेळ, घनता कशी मोजली, प्रमाण कशावरून, कुठलं सॉफ्टवेअर, लॉर्च लावलं की नाही. सिलिकाचा ग्राफ तुमच्या ग्राफच्या शेजारी. रिकाम्या कॅपिलरीचा स्कॅन परिशिष्टात.

शेररच्या सूत्राचं पान फाडा. आणि उरलेला अखंड तुकडा, तारीख आणि बॅच नंबर लिहून, डेसिकेटरमध्ये राहू द्या. परीक्षकाने घनता पुन्हा मोजायला सांगितली तर तो लागतो. गेल्या वर्षी लागला होता.